‘काहीच नाही’ म्हणण्याआधी: सीमाभागात राहून ग्रंथालयात शोध कसा घ्यावा

प्रोजेक्टचे दिवस आले की ग्रंथालयाच्या काउंटरवर एक वाक्य सारखं ऐकू येतं: ‘सर, या विषयावर काहीच नाही.’ विषय निपाणीचा तंबाखू असो, १९२४ चं बेळगावचं काँग्रेस अधिवेशन असो, नाहीतर ख्रिस्तपुराण असो. गुगलवर दोन-तीन शब्द टाकायचे, पहिल्या पानावर हवं ते दिसलं नाही की विषय बदलायचा, अशी आपली रीत. त्यामुळे दरवर्षी त्याच चार लेखकांवर आणि त्याच चार कादंबऱ्यांवर प्रोजेक्ट होतात. ज्या भागात आपण राहतो, त्याच्याबद्दल लिहायचं मात्र राहून जातं.

माझं म्हणणं असं आहे, की ‘काहीच नाही’ हे बहुतेक वेळा खरं नसतं. असतं, पण दुसऱ्या नावाखाली, दुसऱ्या लिपीत, नाहीतर दुसऱ्या राज्याच्या कपाटात असतं. पुण्यातल्या विद्यार्थ्याला एका भाषेत, एका राज्यात शोधून भागत असेल. आपल्याला तोच प्रश्न तीन भाषांत आणि दोन राज्यांत विचारावा लागतो. ही कटकट आहे हे खरं. पण एकदा सवय लागली की दुसऱ्या कोणाला दिसत नाही ते आपल्याला दिसायला लागतं.

या कौशल्याला अभ्यासक्रमात ‘माहिती साक्षरता’ असं भारदस्त नाव आहे. साध्या भाषेत त्यात पाच गोष्टी येतात: आपल्याला नक्की काय हवंय ते ठरवणं, ते कुठे असेल याचा अंदाज घेणं, योग्य शब्दांत विचारणं, मिळालेल्याची पारख करणं, आणि ते कुठून घेतलं याची नीट नोंद ठेवणं. मी मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत वाचते, कन्नड वाचायला वर्गमैत्रिणीची मदत घेते. या तिन्ही भाषांत शोधाशोध करताना जे उपयोगी पडलं, ते इथे क्रमाने मांडते.

विषय नको, प्रश्न हवा

‘निपाणीचा तंबाखू’ हा विषय झाला. विषय घेऊन ग्रंथालयात गेलात तर ग्रंथपाल तरी काय देणार? शेतीचं पुस्तक, आरोग्याचं पुस्तक, की कामगार कायद्याचं? आता हाच विषय प्रश्नाच्या रूपात मांडून बघा. ‘१९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्ग रोखला, तेव्हा त्यांची भावाबद्दलची मागणी काय होती?’ किंवा ‘त्याच काळात तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायकांची संघटना कशी उभी राहिली?’

प्रश्न बदलला की कपाटही बदलतं. पहिल्या प्रश्नासाठी शेतकरी संघटनेचं साहित्य आणि त्या वर्षीची वर्तमानपत्रं लागतील. दुसऱ्यासाठी कामगार चळवळीवरची पुस्तकं लागतील, आणि एक माहितीपटही: दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ या गटाने १९८२ साली निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. पुस्तकांच्या यादीत तो कधीच सापडणार नाही, कारण तो पुस्तक नाही. म्हणून प्रश्न ठरला की पुढचं स्वतःलाच विचारायचं: याचं उत्तर कोणत्या प्रकारच्या कागदात, किंवा फिल्ममध्ये, असू शकेल?

प्रश्न तयार झाला की त्यातले मुख्य शब्द वेगळे काढा आणि प्रत्येक शब्दापुढे त्याची भावंडं लिहा. तंबाखूपुढे विडी, बिडी, जर्दा, वखार. शेतकऱ्यापुढे उत्पादक, कास्तकार, रयत. आंदोलनापुढे चळवळ, सत्याग्रह, रास्ता रोको. मग तेच शब्द इंग्रजीत, आणि जमलं तर कन्नडमध्ये. वहीचं एक पान भरतं. कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी हे पान तयार असेल तर निम्मा शोध झालाच म्हणून समजा.

एका गावाची किती नावं?

सीमाभागातल्या शोधाची खरी गोम इथे आहे. आपण ‘बेळगाव’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘बेळगावी’, जुन्या इंग्रजीत ‘बेलगाम’. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी इंग्रजी नावही ‘बेळगावी’ झालं. म्हणजे त्या तारखेआधीच्या इंग्रजी पुस्तकात, कायद्यात किंवा प्रबंधात नवं स्पेलिंग शोधून उपयोग नाही. निपाणीचंही तसंच. कन्नडमध्ये ती ‘निप्पाणी’ होते, आणि रोमन लिपीत एका ‘पी’चं आणि दोन ‘पीं’चं अशी दोन्ही स्पेलिंग चालतात. ज्या नोंदीत दोन ‘पी’ आहेत ती एका ‘पी’ने शोधणाऱ्याला दिसेलच असं नाही.

मराठीतही एकच रूप नाही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले. त्याआधी शब्दांवर न उच्चारले जाणारे अनुस्वार भरपूर असत. ‘नाव’ हे ‘नांव’ होतं आणि ‘बेळगाव’ हे ‘बेळगांव’. जुनं पुस्तक किंवा जुना अंक शोधताना तो अनुस्वार देऊनही बघायला हवं. शिवाय आपली भाषा शब्दाला प्रत्यय जोडते. ‘निपाणी’ असं नेमकं शोधलं तर ‘निपाणीच्या’ आणि ‘निपाणीकर’ सुटू शकतात, म्हणून तीही रूपं टाका.

उलट त्रासही होतो. ‘खानापूर’ शोधलं की आपल्या जिल्ह्यातल्या खानापूरबरोबर सांगली जिल्ह्यातलं खानापूरही येतं. अशा वेळी सोबत दुसरा शब्द द्यायचा: ‘खानापूर नंदगड’ किंवा ‘खानापूर बेळगाव’. दोन-तीन शब्दांचा नेमका क्रम हवा असेल तर ते अवतरण चिन्हात घाला, आणि नको असलेल्या शब्दाआधी वजा चिन्ह द्या. ‘खानापूर’ लिहून पुढे वजा ‘सांगली’ केलं की बरीच गर्दी हटते.

आता राज्याचं नाव बघा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, तोपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. तेव्हापासून तो म्हैसूर राज्यात. १ नोव्हेंबर १९७३ ला म्हैसूरचं नाव कर्नाटक झालं. जिल्हा जागचा हलला नाही, पण सतरा वर्षांत त्याने राज्यांची तीन नावं पाहिली. शोधणाऱ्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. १९५० चा सरकारी अहवाल हवा असेल तर ‘मुंबई राज्य’ म्हणून शोधा, १९६५ चा हवा असेल तर ‘म्हैसूर’ म्हणून. ब्रिटिश काळातला जिल्ह्याचा सविस्तर वृत्तांतही ‘गॅझेटियर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी’च्या २१ व्या खंडात आहे. तो खंड १८८४ साली निघाला आणि इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतो. कर्नाटकाच्या यादीत शोधत बसलं तर तो डोळ्यांसमोर असूनही दिसणार नाही.

कपाटावरचे आकडे काय सांगतात

पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला नंबर म्हणजे त्याचा पत्ता. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांत मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली मांडलेली दशांश पद्धत वापरतात. आपल्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली ‘कोलन’ नावाची वेगळी पद्धत दिली, ती काही विद्यापीठांत भेटते. ड्यूई पद्धतीतले थोडेच आकडे पाठ केले तरी पुरे. मराठी साहित्य ८९१.४६. त्यापुढे १ जोडला की कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी. म्हणजे ८९१.४६३ च्या रांगेत कादंबऱ्या. कन्नड साहित्य ८९४.८१४ वर, म्हणजे त्याच ओळीत थोडं पुढे. इंग्रजी कविता ८२१ आणि कादंबरी ८२३.

गंमत अशी, की हे आकडेही कुठल्यातरी नजरेने रचलेले आहेत. धर्माच्या २०० ते २९९ या घरात २२० च्या बायबलपासून २८० च्या घरातल्या ख्रिस्ती पंथांपर्यंत बहुतेक जागा ख्रिस्ती धर्मालाच दिलेली आहे. जगातले बाकीचे सगळे धर्म २९० च्या घरात दाटीवाटीने बसवलेत, हिंदू धर्म २९४.५ वर. मी स्वतः कॅथलिक असूनही मला ही वाटणी बरोबर वाटत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन ग्रंथपालाला जग जसं दिसलं तसं त्याने मांडलं. ग्रंथालयाची मांडणीही कुणीतरी केलेली असते, आणि ती समजून घेणं हाही माहिती साक्षरतेचाच भाग आहे.

सीमाभागाला याचा फटका इतिहासाच्या कपाटात बसतो. ड्यूईत महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ वर आणि कर्नाटकाचा ९५४.८७ वर. मग बेळगावच्या इतिहासाचं पुस्तक कुठे ठेवायचं? ते पुस्तकात काय आहे यावर आणि ग्रंथपालावर अवलंबून. सीमाप्रश्न दशांश चिन्हाच्या पुढेही आहे म्हणा की! तात्पर्य एवढंच, की दोन्ही ठिकाणी बघायचं. तंबाखूच्या प्रश्नाचंही तसंच. पीक म्हणून तो ६३३.७१ वर असेल, कामगार म्हणून ३३१ वर, कादंबरीत आला असेल तर ८९१.४६३ वर. एकच विषय तीन कपाटांत विखुरलेला असतो.

म्हणून नंबर शोधून पुस्तक काढलं की लगेच परत फिरू नका. त्याच्या डावी-उजवीकडची दहा पुस्तकं चाळा. शेजारी त्याच विषयाची पुस्तकं ठेवलेली असतात. ही सोय गुगलला नाही. नंतर हातातल्या पुस्तकाची शेवटची पानं उघडा. तिथली संदर्भसूची म्हणजे कुणीतरी तुमच्याआधी केलेला शोध, तोही आयता.

ख्रिस्तपुराण: एक सराव

आतापर्यंत सांगितलेलं सगळं एका पुस्तकावर लावून बघू. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट. ते १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ मध्ये वारले. त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचं पुराण मराठीत रचलं. मराठी साहित्याच्या कोणत्याही इतिहासात त्याचा उल्लेख सापडेल. पण शोधायला बसलात तर काय होतं?

आधी लेखकाचं नाव. कुठे स्टीफन्स, कुठे स्टीव्हन्स, पोर्तुगीज कागदात एस्तेवाँव. मग पुस्तकाचं नाव. ख्रिस्तपुराण, क्रिस्तपुराण, रोमन लिपीत त्याची आणखी रूपं. १६१६ ची पहिली आवृत्ती तर पोर्तुगीज शीर्षकाने निघाली. नंतर लिपी. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्या रोमन लिपीत छापल्या, आणि त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली जे. एल. सल्दाना यांनी मंगळूरहून काढलेली आवृत्तीही रोमनच. देवनागरीतली एक हस्तलिखित प्रत ‘मार्सडेन’ संग्रहात आहे, तीही लंडनला. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली. त्यामुळे फक्त देवनागरीत शोधणाऱ्याला १९०७ ची आवृत्ती सापडणं कठीण, आणि फक्त रोमनमध्ये शोधणारा बंडेलूंना मुकण्याची शक्यता.

कपाटाचा प्रश्नही येतोच. हे पुस्तक मराठी कवितेत ८९१.४६१ वर मिळेल, नाहीतर धर्माच्या २०० च्या घरात. दोन्हीकडे बघा.

याच लेखकाच्या दुसऱ्या पुस्तकात आपल्या भागातल्या विद्यार्थ्याला हमखास चकवणारी जागा आहे. स्टीफन्स यांचं व्याकरण त्यांच्या पश्चात १६४० साली राचोलला छापलं गेलं. त्याच्या शीर्षकात भाषेला ‘कानारीं’ म्हटलंय. हा शब्द वाचून ‘कन्नड’ असं लिहून टाकायचा मोह होतो, पण ते व्याकरण कोकणीचं आहे. त्या काळचे पोर्तुगीज गोव्याच्या भाषेला ‘कानारीं’ म्हणत. जुन्या कागदातला शब्द आजच्या अर्थाने वाचायचा नाही, हा धडा या एका शब्दात आहे. भाषेवरून लवकर तापणाऱ्या आपल्यासारख्यांना तो जास्तच लागू पडतो.

कोण सांगतंय, कशावरून सांगतंय

सापडलं म्हणजे संपलं नाही, पुढे पारख आहे. कोणत्याही मजकुराला मी चार प्रश्न विचारते: कोणी लिहिलंय? कधी? कशाच्या आधाराने? आणि कशासाठी?

आपल्या सगळ्यांच्या फोनवर येणारा विषय घेऊ. महाजन आयोग. एक मेसेज म्हणतो, आयोगाने सगळं कर्नाटकाला देऊन टाकलं. दुसरा म्हणतो, आयोगाने निपाणी महाराष्ट्राला दिली होती, तरी इकडेच ठेवली. दोन्ही मेसेज जोरात फिरतात, आणि दोघांच्याही खाली अहवालाचं पान दिलेलं नसतं.

कागदावर काय आहे? माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग ऑक्टोबर १९६६ मध्ये नेमला गेला, आणि त्याने ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल दिला. बेळगाव शहर म्हैसूर राज्यात राहावं, निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राकडे जावीत, आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची मिळून २४७ गावं म्हैसूरकडे यावीत, अशी शिफारस त्यात होती. म्हैसूरने अहवाल मान्य केला, महाराष्ट्राने नाकारला, आणि तो अंमलात आला नाही. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला.

या चार वाक्यांत ‘शिफारस’ हा शब्द कळीचा आहे. शिफारस म्हणजे निर्णय नव्हे. दोन्ही मेसेज अहवालातला अर्धा भाग उचलतात आणि शिफारशीला निर्णयाचे कपडे घालतात. तसंच वर्तमानपत्रांत महाराष्ट्राच्या मागणीतल्या गावांचा आकडा कधी ८१४, तर कधी ८६५ दिसतो. आकडा दिसला की लगेच लिहून घेऊ नका. तो कोणत्या सालच्या, कोणत्या कागदातला आहे ते विचारा. त्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करता येत नाही.

इथे मूळ साधन आणि दुय्यम साधन यांतला फरक कळतो. आयोगाचा अहवाल हे मूळ साधन. त्याबद्दल लिहिलेला अग्रलेख, पुस्तक, भाषण ही दुय्यम साधनं. दुय्यम म्हणजे कमी प्रतीचं असं नाही. जाणत्या अभ्यासकाचं पुस्तक मूळ कागद समजावून देतं. पण मूळ कागद मिळत असताना तो न बघता दुसऱ्याचं मत उचलणं बरं नव्हे. आणि दुय्यम साधन एका बाजूचं असून चालत नाही. बाबुराव ठाकूर यांनी १९१९ साली सुरू केलेला बेळगावचा ‘तरुण भारत’ वाचा, त्याच तारखेचा ‘संयुक्त कर्नाटक’ही कुणाकडून तरी वाचून घ्या. एकाच दिवसाची दोन वर्तमानपत्रं शेजारी ठेवली की बातमी कुठे संपते आणि मत कुठे सुरू होतं ते आपोआप दिसायला लागतं. वर्गात कन्नड वाचणारी मैत्रीण असणं ही आपल्याला फुकट मिळालेली सोय आहे. तिलाही मराठी वाचून दाखवा, हिशोब बरोबर.

आता एआयबद्दल. चॅटबॉटला संदर्भ मागितले की तो झटकन पाच पुस्तकं देतो. लेखक, प्रकाशक, साल, सगळं नीटनेटकं. पण त्यातलं एखादं पुस्तक कधी लिहिलंच गेलेलं नसतं. शब्द जुळवणं हे त्या यंत्राचं काम, पुस्तक अस्तित्वात आहे का हे तपासणं तुमचं. नियम सोपा ठेवा: जे पुस्तक कोणत्याही ग्रंथालयाच्या यादीत सापडत नाही आणि जे पान आपण स्वतः पाहिलेलं नाही, ते संदर्भात घालायचं नाही. विकिपीडिया सुरुवातीला जरूर वाचा. तिथून तळटिपांत उतरा आणि मूळ लेख गाठा.

सीमेच्या दोन्ही बाजूंची दारं

कुठे जायचं? पहिलं दार आपल्याच कॉलेजचं. ग्रंथपालांकडे जाताना वर सांगितलेलं शब्दांचं पान बरोबर न्या, आणि ‘एन-लिस्ट’चं लॉगिन मिळतं का विचारा. ही योजना कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना हजारो इ-पुस्तकं आणि संशोधन पत्रिका उघडून देते.

गावातलं दार म्हणजे सार्वजनिक वाचनालय. बेळगावचं १८४८ सालचं. तिकडे कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. दोन्ही विद्यापीठांच्या कितीतरी आधीची. कर्नाटकाचा ग्रंथालय कायदा १९६५ चा, महाराष्ट्राचा १९६७ चा. इकडे सार्वजनिक ग्रंथालयं मुख्यतः सरकारी खातं चालवतं, तिकडे लोकांच्या संस्थांना अनुदान मिळतं. म्हणून दोन्हीकडचे नियम आणि याद्या वेगळ्या. फोन करून, ओळखपत्र घेऊन जावं.

विद्यापीठांचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं. त्याआधी आपली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती, त्यामुळे या भागावरचे जुने प्रबंध धारवाडला शोधायचे. निपाणीचं देवचंद कॉलेज गावाला लागून असलं, तरी अर्जुननगर कागल तालुक्यात येतं, म्हणून ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं. एकाच गल्लीतल्या दोन मुलांच्या विद्यापीठांची राज्यं वेगळी असू शकतात. मग निपाणीवरचा प्रबंध कोल्हापूरच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयातही असू शकतो. जाण्याआधी ‘शोधगंगा’वर बघा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे ठेवलेले असतात. मराठी प्रबंधाचं शीर्षक बरेचदा रोमन लिपीत टाकलेलं असतं, तेव्हा वर सांगितलेली स्पेलिंगची युक्ती इथेही वापरा.

जुन्या मराठी पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ विसरू नका. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० अशा दोन टप्प्यांत छापलेल्या मराठी पुस्तकांची ती नोंद आहे. पुस्तक होतं की नव्हतं, हा वाद तिथे मिटतो. ते पुस्तक मग इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन केलेलं मिळू शकतं. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं उलटली की आपल्या कायद्याप्रमाणे त्याचं लेखन सगळ्यांसाठी खुलं होतं. मात्र जुन्या देवनागरी स्कॅनमधली अक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत, तेव्हा शब्द शोधून मिळाला नाही म्हणजे तो पुस्तकात नाही असं धरू नका. अनुक्रमणिका बघा, पानं उलटा.

नोंद: दुसऱ्याला तिथे पोचता यावं म्हणून

संदर्भ का द्यायचा? मार्कांसाठी, असं आपल्याला वाटतं. मला त्याचं खरं कारण चर्चमधल्या वाचनामुळे पटकन समजलं. बायबलमधला उतारा सांगताना पुस्तक, अध्याय आणि ओवी सांगतात. मत्तयचा पाचवा अध्याय मराठीत उघडा, कन्नडमध्ये उघडा, कोकणीत उघडा, पान क्रमांक वेगळा असला तरी जागा तीच सापडते. संदर्भाचं काम हेच आहे. आपण जिथे उभं राहून बघितलं, तिथे वाचणाऱ्यालाही उभं राहता यावं.

म्हणून पुस्तक हातात आलं की आधी शीर्षकपानाचा आणि त्याच्या मागच्या पानाचा फोटो काढा. लेखक, शीर्षक, प्रकाशक, गाव, साल, आवृत्ती. टिपण काढताना त्याच ओळीत पान क्रमांक लिहा, दुसऱ्याचे शब्द असतील तर अवतरण चिन्ह तेव्हाच द्या. नंतर करू म्हटलं की आपलं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं याची खिचडी होते, आणि न कळत चोरी होऊन बसते. आवृत्ती लिहायला विसरू नका. गांधीजी अध्यक्ष होते ते एकमेव काँग्रेस अधिवेशन बेळगावचं, डिसेंबर १९२४ मधलं. तिथलं त्यांचं भाषण समग्र वाङ्मयाच्या छापील इंग्रजी आवृत्तीत २५ व्या खंडात आहे. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक आवृत्तीत खंडांची वाटणी बदलली. नुसतं ‘खंड २५’ लिहिलंत, तर तुमचा वाचक भलत्याच पानावर पोचेल.

मग आपण काय करायचं

सीमाभागातल्या मुलांना आपण कोण आहोत हे दोन्ही बाजूंनी आयतं सांगितलं जातं, तेही मोठ्या आवाजात. त्या आवाजाला उत्तर द्यायला आणखी मोठा आवाज लागतो असं मला वाटत नाही. अहवालाचं पान उघडता आलं पाहिजे, तारीख वाचता आली पाहिजे, आणि ‘हे कशावरून?’ असं शांतपणे विचारता आलं पाहिजे. ते ज्याला येत नाही, त्याला स्वतःच्या गावाबद्दलचं मतसुद्धा उसनं घ्यावं लागतं.

म्हणून साहित्य मंडळाला एक सुचवते. यंदा आपल्या भागावर जो कोणी प्रोजेक्ट करेल, त्याने त्याच्या संदर्भांची एक प्रत ग्रंथालयात ठेवावी: कोणत्या नावाने शोधलं, कुठल्या गावच्या कोणत्या कपाटात मिळालं, कन्नड मजकूर कुणी वाचून दिला. पाच वर्षांत पन्नास-साठ याद्या जमतील. एवढ्यावरून बेळगाव-निपाणी भागाची एक साधी सूची उभी राहू शकते, तिन्ही भाषांची. मग पुढच्या वर्षी काउंटरवर कुणी ‘काहीच नाही’ म्हटलं, तर ग्रंथपालांना ती फाइल पुढे सरकवता येईल.